दिवेलागणीचं रडू

९ सप्टेंबर, मंगळवार

सव्वा महिना झाला. आज न्हाऊन, नवी साडी नेसून देवाच्या पाया पडले आणि बाळंतिणीच्या खोलीतून सुटले. सुटले म्हणजे काय, खोली सुटली. रडू काही सुटलं नाही.

आत्याबाईंनी हौसेनं पोरीचं नाव स्वरा ठेवलं. आता भोगा म्हणावं. दिवसभर शहाण्यासारखी वागते, पिते, झोपते, छताकडे बघून हसतेसुद्धा. आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, देवापाशी दिवा लावला रे लावला की सुरू. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद. मांडीवर घ्या, खांद्यावर घ्या, पोटाला हिंग लावा, ओव्याचा शेक द्या. जेवणं आटपून सगळा मळा सामसूम होईपर्यंत चालू.

डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी पोट दाबलं, वजन केलं, म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, अशी पोटशूळाची बाळं असतात, तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. आपोआप! या मखमलाबाद शिवारात आपोआप काही होत नाही, झेंडूला पाणीसुद्धा आपण सोडलं तरच जातं. कृषी पदविका घेतलेली बाई मी. पानावरचा डाग बघून रोग सांगते, लोक फोटो पाठवून विचारतात. वीतभर पोरीचं पोट मला कळू नये?

ठरलं. शोधून काढणार. पिकावर करतो तसंच, एका वेळी एकच बदल. पहिला बदल माझ्या ताटात.

१२ सप्टेंबर

तूरडाळ बंद केली. फरक शून्य. आजपासून दूध बंद.

शेजारच्या नवसाबाई आल्या होत्या. "वातूळ खाल्लं असशील गं काहीतरी, त्याशिवाय लेकरू असं टाहो फोडत नाही." मी म्हटलं, शोधतेच आहे. आई मध्येच म्हणाल्या, "काय वातूळ न् काय! तिला खाऊ तर द्या." आणि नवसाबाईंसमोर माझ्या भाकरीवर तुपाची धार धरली. मी ताट बाजूला ओढलं. तूप म्हणजे दूधच की. आईंचा चेहरा पडला, पण प्रयोग म्हणजे प्रयोग.

सासूबाई तशा वाईट नाहीत. लंकाबाई म्हटलं की गावात लोक वाटेतून बाजूला होतात असा दरारा आहे, पण माझ्या वाटेला कधी गेल्या नाहीत. माझ्या मम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून बाळंतपण माहेरी विंचूरला न होता इथेच झालं. तेव्हा एका शब्दानं कुरकुर नाही. फक्त बोलणं म्हणून नाही. कामाचं तेवढं बोलायचं.

१६ सप्टेंबर

दूध, तूरडाळ, हरभरा, मेथी, कोबी, गहू, शेंगदाणे बंद. डिंकाचे लाडू तर कधीच बंद. आता बाजरीची भाकरी, मीठ आणि दोडका. दोडक्यावरही संशय आहे.

पण आज एक मोठा शोध लागला! काल संध्याकाळी वैतागून तिला उचललं आणि मागच्या शेततळ्याकडे चालत गेले. माझ्या नवऱ्यानं, सोमनाथनं, मोटार लावलेली होती. त्या घुर्रर्र आवाजाशी गेले आणि पोरगी एकदम गप. आधी मला वाटलं, बेशुद्धच पडली की काय. नाही, डोळे टक्क उघडे ठेवून ऐकत होती. आज पुन्हा करून पाहिलं, पुन्हा गप. मी तिथेच मोठ्यानं हसले. सोमनाथला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे बिल माझं येणार." म्हटलं, येऊ दे, पोरीला झोप येतेय ना?

रोज जाणार.

१८ सप्टेंबर

शेततळ्यावर आता जाणार नाही.

कारण इथे लिहीत नाही. आमच्या घरात दिवेलागणीला कुणी वाईट बोललं की आई लगेच तोंडावर हात ठेवतात, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून. मी नेहमी हसते या प्रकाराला. तथास्तु म्हणायला वास्तूला दुसरं काम नाही का? आजही हसतेच आहे. तरी लिहीत नाही.

ती मोटार नसली तरी चालेल. मोबाइलवर आवाज वाजवता येतो.

२१ सप्टेंबर, रविवार

संताप, संताप, संताप.

शेततळ्याला चहूबाजूंनी तारेचं कुंपण आहे, कुत्री-मांजरं पडू नयेत म्हणून. फाटक नुसतं ओढून घेतलेलं असायचं. आज बघते तर फाटकाला हे एवढं कुलूप! सोमनाथला विचारलं, तर म्हणे आईनं लावलं. आईंना विचारलं, तर म्हणतात, "पोरं येत्यात खेळायला." कुठली पोरं? या मळ्यात आमच्या स्वराशिवाय एक पोर नाही.

किल्ली मागितली. म्हणाल्या, सोमनाथला लागली की देते. म्हणजे मला नाही! मी काय शेरडू आहे, मोकळं सुटलं की पाण्याकडे धावायला? तीन वर्षं या शेताची फवारणी, ठिबक, खत सगळं मी बघितलं आणि आज मला माझ्याच शेततळ्याला कुलूप.

मला तसंही जायचं नव्हतं. म्हणून तर जास्त राग आला. मी ठरवलं होतं ना? मग मला आवरायची गरज काय होती कुणाला?

शिवाय त्यांनी खाट आमच्या दारातच आणून टाकली आहे. "बाहेर डास लय हायेत" म्हणे. एवढी वर्षं डास नव्हते वाटतं. स्वराला घेऊन मी स्वयंपाकघरात गेले की त्याही येतात, ओट्यावर गेले की ओट्यावर. मला मूल सांभाळता येत नाही, असंच वाटत असणार त्यांना. दाखवतेच.

२३ सप्टेंबर, दुसरी माळ

घट बसले. आईंचे उपास सुरू. दरवर्षी त्या पहिल्या-दुसऱ्या माळेला वणीला देवीच्या पायऱ्या चढून येतात, कधी चुकवत नाहीत. यंदा गेल्या नाहीत. सोमनाथ म्हणाला, गाडी काढू का, तर म्हणाल्या, "देवीला म्हाईत हाय मी का आली नाय ते."

हे मला ऐकवण्यासाठीच होतं. सून धड असती तर सासू गेली असती देवीला!

सोमनाथशी बोलायचा प्रयत्न केला. सुरुवात चांगली केली होती मी. म्हटलं, "मला कधी कधी काहीतरीच वाटतं." तो पठ्ठ्या पायातले बूट काढत म्हणाला, "अगं, सगळ्याच आयांना होतं तसं. थोडे दिवस ॲडजस्ट कर. दसरा होऊ दे, मग आपण दोघं कुठेतरी जाऊन येऊ." बिचारा दिवसभर फुलात वाकलेला होता. गुणी माणूस आहे, पण त्याला झेंडूच्या पलीकडे काही दिसत नाही सध्या. काय वाटतं, ते त्यानं विचारलं नाही. बरंच झालं.

एक चांगली गोष्ट म्हणजे मला झोप कमी लागायला लागली आहे. स्वरा झोपली तरी मी टक्क जागी. तेवढ्या वेळात डोक्यात सगळ्या प्रयोगांची उजळणी होते. दोडका बंद केला.

२८ सप्टेंबर

दोन दिवस पावसानं झोडपून काढलं. तोडणीला आलेला निम्मा झेंडू काळा पडला. उरला तो दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत तोडून बाजारात गेला पाहिजे. मजूर मिळेनात, ज्याच्या त्याच्या मळ्यात झेंडू. घरातलं माणूस न् माणूस सरीत उतरणार.

आणि आई म्हणाल्या, "म्या नाय येणार तोडायला." सोमनाथ बघतच राहिला. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं दसऱ्याची एक तोडणी चुकवलेली नाही. सोमनाथ पोटात असतानासुद्धा तोडत होत्या, हे त्याच सांगतात. "म्या घरी थांबती. पोरगी रडती."

मग मात्र मी गप्प बसले नाही. म्हटलं, "पोरगी माझी आहे. तुम्ही सगळे जा. मी एकटी सांभाळते. एवढा विश्वास नसेल तर सांगा स्पष्ट." मी बोलतच राहिले. कुलपाचा विषय काढला, खाटेचा काढला, वणीचा काढला, सगळं काढलं. शेवटी सोमनाथ म्हणाला, "आई, ती म्हणते तर राहू दे ना. किती वेळचं काम?" आई उठून घटापाशी जाऊन बसल्या. पण परवा जाणार आहेत. जिंकले मी.

आता सिद्ध करून दाखवायचं. बास.

१ ऑक्टोबर, बुधवार

कालचं आणि आजचं एकदम लिहिते. सगळं लिहिणार, घरात बसून लिहिणार, वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू दे.

काल दुपारी सगळे तोडायला गेले. आई सर्वांत शेवटी. चार पावलं गेल्या, परत आल्या, स्वराच्या झोळीची गाठ ओढून बघितली, गेल्या. उन्हं उतरेपर्यंत सगळं छान होतं. मी कपडे घड्या केले. मग दिवा लावला आणि तिनं पहिली किंकाळी फोडली.

खांद्यावर घेतलं, फिरले, मोबाइलवर मोटारीचा आवाज लावला, पाजलं, पुन्हा फिरले. ती रडत होती आणि मी तिला म्हणत होते, गप, गप, गप, आणि मग मी गप म्हणायची थांबले. डोकं एकदम शांत झालं. इतकं शांत किती दिवसांत वाटलं नव्हतं. तिला छातीशी धरून मागच्या दारानं निघाले. कुठे जायचं ते पायांना माहीत होतं.

फाटकाला कुलूप होतं. मी ते हलवलं. पुन्हा हलवलं. मग कुलूप तोडायला दगड शोधत खाली वाकले, आणि वाकल्यावर स्वराचं डोकं माझ्या हनुवटीला लागलं. तेव्हा विचारलं स्वतःला, योगिनी, दगड कशाला?

उत्तर मला येत होतं. पंधरा दिवस येत होतं.

मी माघारी वळले. घरी आले, तिला झोळीत ठेवलं, बाजूनं कापड नीट सारलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि रडत्या पोरीला टाकून निघून गेले. हो, टाकून. त्या वेळी असंच वाटलं की याहून नीच काम आईच्या हातून होत नसेल. पण मला एवढं कळत होतं की ती आणि मी एका जागी नको. पळत वावरात गेले.

सोमनाथ क्रेट भरत होता, आई आणि सगुणाबाई सरीत होत्या. सगुणाबाई म्हणजे आमच्याकडे वर्षानुवर्षं तोडायला येणारी म्हातारी. सगळ्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "मला स्वराला घेऊन शेततळ्यात जावंसं वाटतं. रोज वाटतं. आत्ता जाऊन आले. कुलूप होतं."

एवढंच. फार मोठ्यानंही बोलले नाही.

सोमनाथच्या हातातला क्रेट पडला. आई म्हणाल्या, "पोर कुठंय?" म्हटलं, झोळीत. "सोमनाथ, पळ," म्हणाल्या, आणि तो चिखलात पळत सुटला. आईंनी माझं मनगट धरलं. झेंडूनं काळेकुट्ट झालेले हात त्यांचे. घरी येईपर्यंत सोडलं नाही मनगट, दुखायला लागलं.

वाटेत मी रडत रडत भांडत होते. "तुम्हाला माहीत होतं ना?"

"तू मोटारीपाशी हुबी व्हतीस, तवा बघितलं. पोरगी गप झाली तरी तू पाण्याकडंच बघत व्हतीस. हाक मारली तर वळली नाय."

"मग बोलला का नाहीत?"

त्या थांबल्या. "म्या तोंडातून काढलं न् ते खरं झालं असतं तर? लय भ्याले गं. बाजारात गेले न् कुलूप आणलं. मला तेवढंच सुचलं."

मी किती दिवस त्या कुलपाला शिव्या देत होते! त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून ओक्साबोक्शी रडले. झेंडूचा वास येत होता नुसता.

आज दसऱ्याचा आदला दिवस, एवढा माल वावरात उभा, आणि सोमनाथ म्हणाला, "तोडणी गेली खड्ड्यात." बाळाच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी एका मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. रिक्षा शोधण्यात वेळ नको, म्हणून कालचे भरलेले क्रेट मागच्या हौद्यात होते तसेच ठेवून पिकअपच काढली. पुढे आम्ही तिघं दाटीवाटीनं आणि माझ्या मांडीवर स्वरा.

द्वारकेच्या चौकात अडकलो. दसऱ्याची गर्दी, चहूकडून हॉर्न, आणि दिवेलागण नसतानाही आमच्या बाईसाहेबांनी सूर लावला. मागे पिवळे-केशरी क्रेट बघून एक माणूस काच ठोठावायला लागला. "दादा, झेंडू कसा दिला?" सोमनाथ मान हलवत राहिला. माणूस हटेना. "अहो, भाव तर सांगा! बाजारात न्यायचाच आहे ना?"

आईंनी काच खाली केली. "विकायचा नाय. सून आजारी हाय माझी. दवाखान्यात चाललोय."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. हात धड, पाय धड, मांडीवर बाळ. "काय झालंय?"

"मनाला झालंय," आई म्हणाल्या. "बाळंतपणानंतर व्हतं. सरा आता बाजूला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घरात ज्या शब्दाला घाबरत होत्या, तो त्यांनी भर द्वारकेत सांगून टाकला.

डॉक्टरीणबाई वयानं फार मोठ्या नाहीत. त्यांनी आधी मला एकटीला आत घेतलं. झोप, जेवण विचारलं आणि मग त्याच आवाजात विचारलं, "स्वतःला किंवा बाळाला काही करावं, असे विचार येतात?" मी म्हटलं, येतात. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, किती वेळा येतात. आभाळ कोसळलं नाही. मी दगड शोधला, तेही सांगितलं. मग पोरीला रडती टाकून गेले, ते सांगितलं.

त्या म्हणाल्या, "टाकून नाही गेलात. सुरक्षित ठेवून मदत मागायला गेलात. मी तुम्हाला हेच करायला सांगणार होते." पुन्हा सहन होईनासं झालं तरी हेच करायचं म्हणे. रडण्यानं तिला काही होत नाही.

आजार आहे, औषध आहे. दूध पाजताना चालेल असं दिलंय. मग त्या दोघांना आत बोलावून बजावलं की हिला सध्या एकटीला ठेवायचं नाही, झोप मिळाली पाहिजे, आणि रोज स्पष्ट विचारायचं, विचार आला का म्हणून. विचारल्यानं विचार वाढत नाही. हे त्या आईंकडे बघून दोनदा म्हणाल्या. माझ्या प्रयोगाची हकिकत ऐकून तर त्यांनी कपाळालाच हात लावला. "तुम्ही बाळाचं पोट शोधता शोधता स्वतःला उपाशी मारलंत." घरी येऊन वरण-भात खाल्ला. वर तूप. कृषी पदविका गेली चुलीत.

५ ऑक्टोबर

औषधानं तोंड कोरडं पडतं आणि अजून फारसा फरक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, दोन-तीन आठवडे लागतील. थांबणार. स्वरा रोज रडते, नेमानं. संध्याकाळी तिला सोमनाथ घेतो, मग आई, मग मम्मी. मम्मी कालच आली आहे विंचूरहून, काठी टेकत. मी जेवून कानात कापूस घालून झोपते. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाटली नाही.

सोमनाथ विचारतो, पण अडखळत, मान खाली घालून. आई विचारतात, पाणी तापलं का विचारावं तशा. "आला का गं आज विचार?" मी खरं सांगते. पहिल्यांदा हो म्हटलं, तेव्हा त्या उठून देवापाशी जाऊन बसल्या. पण विचारायचं सोडलं नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दिवाळीची तोडणी. आज मीही उतरले वावरात, अडीच महिन्यांनी. स्वरा बांधावर मम्मीच्या मांडीवर. रडणं किंचित कमी झालंय, की मला झोप मिळतेय म्हणून कमी वाटतंय, देव जाणे. शोधायला जाणार नाही.

सगळ्याजणी सरीत होतो. आईंनी पलीकडच्या सरीतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "योगिनी, आला का आज विचार?"

"सकाळी आला होता. पोरीला मम्मीकडे दिलं आणि ओट्यावर येऊन बसले. गेला."

"बरं केलंस. चहा पिऊन घे."

बाया तोडत होत्या. मग माझ्यामागून सगुणाबाई म्हणाली, हात न थांबवता, "मला बी यायचा. माझ्या वाल्मीकच्या वक्ताला. आडाच्या काठावर जाऊन बसायची मी."

वाल्मीक आता नातवंडांचा आजोबा आहे. सगळ्यांचे हात थांबले. आई सरळ उभ्या राहिल्या. "सगुणा, इतकी वर्षं संगं तोडतोय आपण. कधी बोलली नायस गं?"

सगुणाबाईनं फुलं पाटीत टाकली. "इचारलं कुणी?"

आईंनी आपली पाटी उचलली आणि तिच्या सरीत जाऊन शेजारी तोडायला लागल्या. मीही गेले. एका सरीत तिघी म्हणजे कामाचा सत्यानाश. सोमनाथ लांबून ओरडायला लागला. ओरडू दे म्हटलं.